नाव कापू नका, हलवा

प्रति,
मा. मुख्य निवडणूक अधिकारी,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मतदार यादीची पडताळणी करताना नावापुढे जे शेरे लिहिले जातात, त्यांतल्या एका शेऱ्याबद्दल हे पत्र आहे. तो शेरा म्हणजे ‘स्थलांतरित’. मयत, दुबार, बोगस या शब्दांवरून गेल्या दोन वर्षांत महाराष्ट्रात पत्रकार परिषदा झाल्या, मोर्चे निघाले. स्थलांतरितांसाठी मोर्चा निघत नाही. ते एका वस्तीचे राहिलेले नसतात आणि दुसरीचे अजून झालेले नसतात, त्यामुळे त्यांच्यासाठी भांडणारा कार्यकर्ता दोन्हीकडे नसतो. यादी बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र, माझ्या मते, तेच आहे. माणसं घर बदलतात. आपली व्यवस्था त्यांचं नाव त्यांच्याबरोबर हलवत नाही. एकीकडे ते कापलं जातं, दुसरीकडे नव्याने लिहिलं जातं, आणि बहुतेक वेळा या हाताची त्या हाताला खबर नसते.

मी ठाण्याच्या बाजूला एका महापालिका शाळेत शिक्षिका होते. शिक्षकांच्या वाट्याला येते ती बीएलओची, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची, ड्युटी माझ्याही वाट्याला आली आणि निवृत्तीपर्यंत काही सुटली नाही. त्यामुळे हे सगळं कायद्याच्या पुस्तकातून कमी आणि इमारतींच्या जिन्यांवरून जास्त शिकलेलं आहे. अर्थात कायदाही वाचला. तो वाचल्याशिवाय या कामात शहाणं कोण आणि वेडं कोण, हेच कळत नाही.

‘स्थलांतरित’ हा शेरा कसा पडतो ते आधी सांगते. यादीचा भाग हातात घेऊन बीएलओ दारोदार जाते. एक दार बंद असतं. पुन्हा जाते, पुन्हा बंद. मग शेजारच्या दाराची बेल वाजवायची. शेजारीण साखळी न काढता फटीतून सांगते, “ते गेले इथून. वाघोलीकडे कुठंतरी फ्लॅट घेतलाय म्हणे.” झाला शेरा. पुढे कायदा आपलं काम करतो, आणि कायदा खरोखर चांगला आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम २२ नुसार मतदाराला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय ‘इथे राहत नाही’ म्हणून नाव वगळता येत नाही. १९९५ साली लालबाबू हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे अधिक ठळक केलं. ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे त्याच्या बाजूने गृहीत धरून चालायचं, नोटीस द्यायची, त्याचं ऐकायचं, मगच काय ते ठरवायचं. त्या प्रकरणात दिल्लीबरोबर आपल्या मुंबईतलेही मतदार होते.

पण नोटीस जाते कुठे? यादीतल्या पत्त्यावर. म्हणजे ज्या घरात तो माणूस राहत नाही अशी आपली खात्री झाली आहे, नेमक्या त्याच घरी. पोस्टमन पाकिटावर ‘पत्ता सोडून गेले’ असं लिहून ते परत आणतो, आणि परत आलेलं ते पाकीटच माणूस गेल्याचा पुरावा म्हणून फायलीला लागतं. सुनावणीच्या तारखेला अर्थातच कोणी हजर नसतं. कागदावर सगळं नियमाप्रमाणे झालेलं असतं. वाघोलीतल्या त्या माणसाला मात्र थेट मतदानाच्या दिवशी, जुन्या केंद्रावर हौसेने येऊन रांगेत तासभर उभं राहिल्यावर, आपलं नाव गेल्याचं कळतं. त्या दिवशी करण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की यादीला कोणालाच हात लावता येत नाही.

शाळेत आम्ही असं करत नाही. एखादं मूल दुसऱ्या गावी गेलं तर नव्या शाळेकडून दाखल्याची मागणी येते, आम्ही दाखला पाठवतो, आणि मग जनरल रजिस्टरमधल्या नावापुढे ते कुठे गेलं याची नोंद होते. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी तर राज्याने शिक्षण हमी कार्ड काढलं, म्हणजे मूल मधल्याच महिन्यात कारखान्याच्या तळावर पोचलं तरी तिथल्या शाळेने त्याला वर्गात बसवून घ्यावं. अंमलबजावणीत हजार भोकं आहेत, मला ठाऊक आहे. पण मागची कल्पना सरळ आहे. मूल कुठे बसलं हे कळेपर्यंत त्याची जबाबदारी कोणीतरी धरून ठेवायची. मतदाराच्या बाबतीत ही जबाबदारी आपण पाटी पुसल्यासारखी झटकतो.

कोणी म्हणेल, नमुना ८ आहे की! आहे, आणि तो नव्या रूपात आल्यापासून गोष्टी सुधारल्या हेही कबूल करते. १ ऑगस्ट २०२२ पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेलेल्या माणसाला नव्या मतदाराचाच नमुना ६ भरावा लागे आणि मतदारसंघातल्या मतदारसंघात घर बदललं तर ८-अ. आता दोन्हींसाठी नमुना ८. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो, नवीन ठिकाणी नाव चढतं, जुन्या ठिकाणचं निघतं. हवं होतं ते हेच. अडचण एवढीच की हे लोकांना माहीत नाही, आणि ज्यांनी सांगायचं त्यांनाही धड माहीत नाही. निवडणुकीच्या आधी चौकाचौकांत टेबलं मांडून बसणाऱ्या कार्यकर्त्यांकडे गठ्ठे असतात ते नमुना ६ चे. ‘नवीन नाव नोंदवा’ ही घोषणा सोपी आहे, तिचं पोस्टर छान होतं. ‘जुनं नाव हलवा’ असं पोस्टर मी आजवर पाहिलेलं नाही.

मग घर बदललेला माणूस त्या टेबलावर नमुना ६ भरतो. त्याच्या तळाशी बारीक अक्षरात प्रतिज्ञा असते, की माझं नाव दुसऱ्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाही. तो न वाचता सही करतो. १९५० च्याच अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे हे खोटं प्रतिज्ञापन झालं. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. कलम १७ प्रमाणे एकाहून जास्त मतदारसंघांत नाव असणंही चालत नाही. म्हणजे निव्वळ घर बदललेला एक सरळमार्गी माणूस, आपण हाती दिलेल्या चुकीच्या कागदामुळे, एका सहीत गुन्हेगार आणि दुबार मतदार दोन्ही झाला. मुंबई महापालिकेच्या निवडणुकीआधी प्रभागांच्या याद्यांमध्ये संभाव्य दुबार नावांपुढे दोन-दोन तारे छापले गेले. राज्य निवडणूक आयोग तुमचीच विधानसभेची यादी घेऊन प्रभागांत फोडतो, त्याला तिच्यातलं नाव काढण्याचा अधिकार नाही. म्हणून तारे, आणि मग त्या माणसाकडून ‘मी अमुक ठिकाणीच मतदान करीन’ असं लिहून घेणं. त्या ताऱ्यांत लबाड किती आणि नमुना ६ चे बळी किती, याची वर्गवारी कुणी केली असती तर वाद निम्मा खाली बसला असता.

आता बायकांकडे येते, कारण या विषयात सगळ्यात जास्त घर बदलणारी जमात तीच आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. आपल्याकडे लग्न झालं की मुलगी फक्त पत्ता बदलत नाही. वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, काही घरांत तिचं स्वतःचं नावही बदलतं. माहेरच्या यादीत ती वडिलांच्या खाली असते, सासरच्या यादीत नवऱ्याच्या खाली. नाव, नात्याचं नाव, आडनाव, घर क्रमांक, सगळंच वेगळं. सारख्या नोंदी हुडकणारी तुमची संगणक प्रणाली नाव, वय, नातेवाईक असं जुळवत असते. इथे जुळण्यासारखं उरतं ते वय आणि दहावी-बारावीच्या वेळचा फोटो. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी बायका माहेरी आणि सासरी अशा दोन्हीकडे यादीत आहेत, आणि कितीतरी दोन्हीकडून बाहेर आहेत. माहेरच्या बीएलओने ‘लग्न होऊन गेली’ म्हणून नाव काढलेलं असतं आणि सासरी ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून राहून गेलेलं असतं. पहिल्या प्रकारावर आरडाओरड होते. दुसऱ्या प्रकारची बाई बहुधा तक्रारही करत नाही.

नमुना ८ च्या सुरुवातीलाच चारांपैकी एका पर्यायावर खूण करायची असते: पत्ता बदलला, नोंदीत दुरुस्ती हवी, ओळखपत्र बदलून हवं, किंवा दिव्यांग म्हणून नोंद करायची. नव्या नवरीला पहिले दोन्ही हवे असतात. म्हणजे दोन अर्ज, दोन पडताळण्या, दोनदा बीएलओ दारात. मराठी घरात ही गोष्ट अपवाद नाही, नियम आहे. हा अर्ज बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नोकरीत बदली झालेला पुरुष असावा, असं मला नेहमी वाटत आलं आहे. ‘विवाहामुळे पत्ता व नाव दोन्ही बदल’ असा एक पाचवा चौकोन अर्जात टाका. ते केंद्रीय निवडणूक आयोगाच्या हातात आहे हे मला कळतं, पण सुचवणं तुमच्या हातात आहे. आणि विवाह नोंदणी कार्यालयात दाखल्याबरोबर हा अर्ज पुढे करायला तर आयोगाचीही परवानगी लागू नये.

मुंबईची तऱ्हा आणखी निराळी. इथे मतदार यादीतलं नाव हे मतापेक्षा मोठं काहीतरी असतं, ते घर असतं. झोपडपट्टी पुनर्वसनात तुम्ही पात्र की अपात्र हे ठरवताना १ जानेवारी १९९५ ची आणि पुढे १ जानेवारी २००० ची तारीख आली, आणि त्या तारखेपूर्वी तुम्ही तिथे राहत होता याचा हुकमी पुरावा म्हणून पुढे आला तो मतदार यादीचा उतारा. लोकांनी जुन्या याद्यांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीत, नाव लागण्यासाठी माणसं ज्या कागदाच्या भरवशावर बसली आहेत, त्या कागदावरचं नाव ‘हलवा’ म्हणून सांगायला कोण बीएलओ जाईल? मी गेले आहे. “बाई, नाव हललं की खोली गेली,” असं उत्तर मिळतं, आणि त्याला अडाणी म्हणण्याची माझी तरी हिंमत नाही. त्यांनी अनुभवातून काढलेला तो निष्कर्ष आहे. आज नाव हलवलं म्हणून १९९५ च्या यादीतलं जुनं नाव पुसलं जात नाही, हे खरं. पण हे त्यांना सरकारी शिक्क्यासह कोणी सांगितलेलं नाही. गृहनिर्माण खात्याने आणि तुमच्या कार्यालयाने मिळून एवढं एक वाक्य छापलं, की नमुना ८ भरल्याने पुनर्वसनाच्या पात्रतेला बाध येत नाही, तर धारावीपासून मानखुर्दपर्यंत यादी आपोआप हलकी होऊ लागेल.

त्याच शहरात संक्रमण शिबिरं आहेत. उपकरप्राप्त इमारत पडायला आली म्हणून तात्पुरते गेलेले लोक तिथे दोन-दोन पिढ्या राहिले. बीडीडी चाळींचं पाहा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग. चाळी रिकाम्या झाल्या, कोणी संक्रमण गाळ्यात गेलं, कोणी भाडं घेऊन कांजूर-बदलापूरकडे. वरळीतल्या पहिल्या टॉवरांच्या चाव्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये मिळाल्या, म्हणजे हीच माणसं परत त्याच रस्त्यावर आली. मधल्या वर्षांत त्यांचं नाव कुठे असायला हवं होतं? कायद्याने, जिथे ते सर्वसाधारणपणे राहत होते तिथे. प्रत्यक्षात, पाडलेल्या चाळीच्या खोली क्रमांकापुढे. आणि गंमत अशी की प्रत्येक कुटुंब कुठे राहतं याची यादी म्हाडाकडे असते, विकासकाकडे असते, कारण भाड्याचा धनादेश कुठे द्यायचा हे त्यांना माहीत असतं. नसते ती फक्त मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे.

कोकणातल्या चाकरमान्यांचा प्रश्न याच्या बरोबर उलटा. माणूस राहतो नालासोपाऱ्यात, नाव आहे लांज्याजवळच्या वाडीत. त्याला ते काढायचं नसतं. गावात घर आहे, घरपट्टी भरतो, गणपतीला जातो, भावकीत वाद आहे, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गाडी करून मंडळी नेली जातात. कलम २० सांगतं की एखाद्या ठिकाणी केवळ घर आहे म्हणून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. कायदा इथे स्पष्ट आहे आणि माझं मतही कायद्याच्या बाजूने आहे. जिथली पाण्याची बोंब तुम्ही रोज सोसता तिथेच तुमचं मत असावं. पण दोन्हीकडे नाव असलेल्या चाकरमान्याला मतचोर म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्याशी बोलावं. बऱ्याच जणांना वसई-विरारमधलं दुसरं नाव कोणी कधी घातलं हेच माहीत नसतं. सोसायटीत टेबल लागलं होतं, एवढंच आठवतं. त्याला समोरासमोर विचारा, ‘कुठलं ठेवू?’ तो सांगेल. आजवर विचारलं कुणी?

आणि मग बीड. इथे तर आपण ज्याला स्थलांतरित म्हणतो तो कायद्याने स्थलांतरित नाहीच. त्याच कलम २० मध्ये म्हटलं आहे, की तात्पुरतं बाहेर गेल्याने कोणाचं राहण्याचं ठिकाण बदलत नाही. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, केज इथून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. आणि १ जानेवारी या अर्हता दिनांकासाठीचं यादीचं वार्षिक पुनरीक्षण असतं साधारण त्याच महिन्यांत. तांड्यावर, वाडीवर म्हातारी माणसं उरलेली, बाकी दारांना कुलपं. अशा वेळी घरोघर फिरणाऱ्याला काय दिसणार? बंद घरं. नवा बीएलओ असेल तर शेरा पडतो. २०२२ पासून अर्हता दिनांक वर्षाला चार झाले आहेत: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. मग या तालुक्यांतली घरभेट मे-जूनमध्ये ठेवायला काय हरकत आहे? घर बंद असणं आणि माणूस गेलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बीएलओच्या हातातल्या कागदावर त्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत. (२०२२ च्या डिसेंबरात आयोगाने बाहेरगावी असलेल्यांसाठी दुरून मतदान करण्याच्या यंत्राचा नमुना मांडला होता, पुढच्या महिन्यात पक्षांना बोलावलंही होतं. पक्षांचं एकमत होईना. ते यंत्र सध्या कपाटात आहे. तो विषय आज बाजूला ठेवते.)

भाडेकरूंबद्दल मात्र मला तुमच्याकडे ठोस मागणी करायची आहे. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबई इथली तरुण माणसं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर जगतात. वाकडहून बाणेर, बाणेरहून खराडी. दर वर्षी मतदारसंघ वेगळा. दर वर्षी नमुना ८ भरणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि तशी अपेक्षा करणंही जरा जास्तच. पण दर वर्षी भाडेकरार नोंदवणारे लाखो आहेत, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ ने तो लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं आहे. एजंट घरी येतो, अंगठा घेतो, करार ऑनलाइन नोंदला जातो. त्या एकाच दस्तात भाडेकरूचा मूळचा पत्ताही असतो आणि नवा पत्ताही. शिवाय भाडेकरूची माहिती पोलिसांकडे जाते. म्हणजे माणूस कुठून निघाला आणि कुठे आला हे राज्य सरकारला सहीशिक्क्यासह माहीत आहे. माहीत नाही ते फक्त त्याच्या मताला.

माझं म्हणणं एवढंच: भाडेकरार नोंदला गेला की भाडेकरूच्या मोबाइलवर एक संदेश जावा. ‘तुम्ही नव्या पत्त्यावर आला आहात. मतदार यादीतलं नाव इकडे आणायचं आहे का?’ हो म्हटलं तर नमुना ८ अर्धा भरलेलाच समोर यावा. नोंदणीकृत भाडेकरार हा त्या अर्जाला चालणारा पुरावा आहेच. नाही म्हटलं, किंवा काहीच उत्तर दिलं नाही, तर काहीही होऊ नये. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. सरकारी नोंदी एकमेकींना जोडण्याची हौस आपल्याकडे फार आणि जोडल्यावर आधी काय केलं जातं तर कात्री चालते. कॅनडात १९९७ पासून मतदारांची कायमची नोंदवही आहे, तिथे प्राप्तिकराच्या विवरणपत्रातच चौकोन असतो, की माझा पत्ता निवडणूक यंत्रणेला कळवा. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये कायदा करून दुसऱ्या सरकारी नोंदींवरून मतदाराचा पत्ता थेट बदलण्याची मुभा आयोगाला दिली. आयोग तसं त्या माणसाला लिहून कळवतो आणि हरकत घ्यायला वेळ देतो. दोन्हीकडे माहितीचा उपयोग नाव पुढे नेण्यासाठी होतो. आपल्याकडेही १ मे २०२५ रोजी आयोगाने जाहीर केलं की मृत्यू नोंदणीची माहिती आता महानिबंधकांकडून थेट घेतली जाईल. मेलेल्यांची जोडणी झाली, चांगलं झालं. जिवंत माणसांची कधी करणार?

एक सावधगिरी इथेच नोंदवते. यादी सार्वजनिक असते, पत्त्यासकट. मारहाणीमुळे नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई नवा पत्ता यादीत चढवायला घाबरते ती उगाच नाही. तिच्यासाठी काहीतरी सोय हवी. फुटपाथवर झोपणाऱ्याचा पुरावा म्हणून बीएलओने रात्री जाऊन तो तिथे झोपतो का हे पाहावं, इतका माणुसकीचा विचार आयोगाच्या सूचनांमध्ये आधीच आहे. तोच विचार करणारं डोकं इथेही लागेल.

शहरी मतदारांच्या उदासीनतेवर दर निवडणुकीनंतर अग्रलेख येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये करवीरला ८४ टक्क्यांवर मतदान झालं आणि कुलाब्यात ४४ टक्क्यांच्या आसपास. कुलाबेकर आळशी असतीलही. पण भागाकारात खाली कोणती संख्या आहे, हे कोणी पाहत नाही. जे तिथून कधीचे उठून गेले, त्यांची नावं त्या खालच्या संख्येत बसलेली असतात. पनवेलला राहायला गेलेल्या माणसाने कुलाब्यात मत दिलं नाही म्हणून त्याला बेजबाबदार ठरवायचं, हा हिशेब मला पटत नाही.

त्याच वर्षी लोकसभेच्या वेळी राज्यात सुमारे ९ कोटी ३० लाख मतदार होते, विधानसभेला ९ कोटी ७० लाख. मधले ४० लाख कुठून आले यावरून केवढं रण माजलं. राजुरा मतदारसंघात साडेसहा हजारांहून जास्त खोटे अर्ज आले होते आणि ते वेळीच अडवले गेले, हे तुमच्याच कार्यालयाने सांगितलं. अक्कलकोटला लागून असलेल्या कर्नाटकातल्या आळंदमध्ये तर उलटं झालं. नाव वगळण्याचे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले आणि तपासल्यावर खरे निघाले २४. संशयाला कारण आहे, म्हणून तो चिडून झटकू नका. त्यावर औषध आहे आकड्यांत. वर्तमानपत्रांपर्यंत पोचतात ते दोनच आकडे, किती वाढले आणि किती वगळले. कल्याणहून डोंबिवलीला गेलेला माणूस त्यांत एकदा वाढलेला आणि एकदा वगळलेला असा दोनदा मोजला जातो. ‘हलवलेली नावं’ असा तिसरा रकाना प्रत्येक मतदारसंघासाठी जाहीर करा: कुठून किती आले, कुठे किती गेले. नावं नकोत, बेरजा पुरेत. खोटा मतदार कुठूनच आलेला नसतो, तो या रकान्यात उघडा पडेल.

हे आत्ता लिहिण्याचं कारण बिहार. २०२५ च्या जून-जुलैत तिथे सखोल फेरतपासणी झाली आणि ७ कोटी ८९ लाखांच्या यादीतली सुमारे ६५ लाख नावं प्रारूप यादीत आली नाहीत. त्यांत मयत २२ लाख, दुबार ७ लाख, आणि ‘कायमचे स्थलांतरित किंवा आढळले नाहीत’ ३६ लाख. अर्ध्याहून जास्त माझा हा शेरा. त्या ३६ लाखांतले किती जण दुसऱ्या कुठल्या यादीत पोचले, याचं उत्तर त्या तपासणीने दिलं नाही, कारण तिने तो प्रश्नच विचारला नव्हता. वगळलेल्यांची नावं कारणांसह जाहीर करायलाही १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. आणि बिहारमधून गेलेले हे लोक गेले कुठे? त्यांतले पुष्कळ आपल्याकडेच आहेत. भिवंडीच्या यंत्रमागांवर, चाकणच्या कारखान्यांत, बांधकामांवरच्या पत्र्याच्या खोल्यांत. या फेरतपासणीच्या दुसऱ्या टप्प्यात गोव्याचा नंबर लागला, महाराष्ट्र या दोन टप्प्यांत नव्हता. इथली तपासणी होताना ‘आढळले नाहीत’ आणि ‘स्थलांतरित’ हे दोन रकाने वेगळे ठेवा. आणि ‘स्थलांतरित’ म्हणताना ‘कुठे’ ही जागा भरल्याशिवाय बीएलओचा कागद स्वीकारू नका. मोबाइल क्रमांक नोंदीला असेल तर एक फोन, नसेल तर शेजाऱ्याकडून क्रमांक घेऊन एक फोन. आम्ही मतदार चिठ्ठ्या वाटताना हे सहज करायचो. त्यासाठी लेखी हुकूम नव्हता, एवढाच फरक.

चिंचवड हा मतदारसंख्येने राज्यातल्या सगळ्यात मोठ्या मतदारसंघांपैकी एक आणि भाडेकरूंनी भरलेला. भाडेकरारावरून संदेश पाठवण्याचा प्रयोग तिथे सहा महिने करून पाहा. किती संदेश गेले, किती जणांनी हो म्हटलं, किती नावं खरोखर हलली, एवढे तीन आकडे जाहीर करा. फसला तर फसला, खर्च संदेशांचा. दुसरीकडे बीडमधल्या एका तालुक्यात घरभेट जूनमध्ये घ्या आणि डिसेंबरच्या शेऱ्यांशी ताडून पाहा.

‘आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठविण्यात आले आहे’ असं छापील उत्तर आलं तर ते मी फायलीला लावीन, राग मानणार नाही. पण नव्या बीएलओंना नमुना ६ आणि नमुना ८ यांतला फरक शिकवायला माणूस हवं असेल, तर मी येते. गुडघे आता जिने चढू देत नाहीत. टेबलामागे बसून अर्ज भरून घ्यायला काही अडचण नाही.

आपली,
एक निवृत्त बीएलओ, ठाणे